आजीची झोळी

शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, शनिवारी गडावर मुक्काम आणि रविवारी रात्री घरी. एवढासा तर ट्रेक. पण सॅकमध्ये जायला पलंगावर काय काय रांगेत उभं आहे ते एकदा बघा. चार टी-शर्ट, जादाची जीन्स, स्लीपिंग बॅग आणि तरीही एक चादर, दोन पॉवर बँका, ब्लूटूथ स्पीकर, डिओ, फरसाणाची किलोभर पिशवी आणि असू दे, लागलं तर, असं म्हणत आईनं कोंबलेला स्टीलचा डबा. घरात वजनकाटा असेल तर भरलेली सॅक त्यावर ठेवाच. बारा-तेरा किलो सहज भरतील. दोन दिवसांसाठी!

आता एका आजीला भेटा. वय ६७. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. १९५५ साली ती अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर एकटी निघाली आणि १४६ दिवसांत साधारण ३,३०० किलोमीटर चालून गेली. तिच्या खांद्यावरचं ओझं खाण्यापिण्यासकट नऊ किलोंच्या वर क्वचितच गेलं. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती, नकाशासुद्धा नव्हता.

तिचं नाव एमा गेटवुड. अमेरिकेतले ट्रेकर्स तिला ग्रँडमा गेटवुड म्हणतात, आपण एमा आजी म्हणू. कमीत कमी वजन घेऊन चालायच्या ज्या पद्धतीला आज अल्ट्रालाइट म्हणतात, तिचे चाहते या आजीला आपली आद्य गुरू मानतात. आजीनं स्वतः मात्र असला कुठलाही सिद्धान्त मांडला नव्हता. इतक्या कमी सामानात तिचं कसं भागलं, याचं उत्तर शोधायचं तर झोळी शिवण्याआधीची पन्नास-साठ वर्षं बघावी लागतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ चा, ओहायो राज्यातल्या गॅलिया काउंटीतला. वडील शेतकरी. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले आणि एक पाय गमावून बसलेले. भावंडं पंधरा. एकेका पलंगावर चौघं झोपायची, म्हणजे स्वतःची अशी जागा, स्वतःचं असं सामान हा प्रकार लहानपणापासूनच नव्हता. शाळा आठवीपर्यंत. पुढचं शिक्षण मिळेल ते पुस्तक वाचून. आणि आजूबाजूच्या रानातून. कुठलं पान खाता येतं, कुठलं औषधाला चालतं, हे तिला चांगलं कळायचं. हा अभ्यास लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

१९०७ साली, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा पेरी गेटवुड शिकलेला, शाळामास्तर, पुढे शेतकरी झालेला. लोकांत चांगला माणूस. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच त्यानं तिच्यावर हात उचलला आणि मग ती मारहाण तीसहून अधिक वर्षं चालली. शेतात पुरुषाच्या बरोबरीनं राबायचं, अकरा बाळंतपणं काढायची आणि मारही खायचा. काही वेळा तर ती मरता मरता वाचली. १९२४ मध्ये पेरीनं भांडणात एका माणसाचा जीव घेतला. गुन्हा सिद्ध झाला, पण पदरात नऊ मुलं आणि सांभाळायला शेत आहे म्हणून कोर्टानं त्याला तुरुंगात पाठवलं नाही. नुकसानभरपाई भरून तो घरी आला. त्या घरात एमा होती.

अशा वेळी ती जंगलात जायची. घरात वातावरण तापलं की मागच्या दारानं बाहेर पडायचं आणि झाडांत शिरायचं. त्या वेळी हातात काय असणार? अंगावरचे कपडे. एवढ्यावर रानात तास-दोन तास काढता येतात, आणि घरापेक्षा तिथे जास्त सुरक्षित वाटतं, हे तिला वयाच्या विशी-तिशीतच कळलेलं होतं. आपल्यातले बरेचजण जंगलात जाताना भीतीपोटी सामान वाढवतात. लागलं तर, पाऊस आला तर, भूक लागली तर, अंधारात काही आलं तर. ट्रेकच्या सॅकमधलं निम्मं वजन या तर-चं असतं. एमाला रानाची ही भीतीच नव्हती. तिची भीती स्वयंपाकघरात होती.

१९३९ मध्ये गोष्ट टोकाला गेली. पेरीनं तिला इतकं मारलं की दात तुटले, बरगडीला इजा झाली. त्या झटापटीत तिनं पिठाची पिशवी त्याच्यावर फेकली. पोलीस आले आणि त्यांनी नेलं कोणाला, तर एमाला! तिला कोठडीत टाकण्यात आलं. गावच्या महापौरानं तिचा सुजलेला चेहरा पाहिला, तिला बाहेर काढलं आणि स्वतःच्या घरी आसरा दिला. त्यानंतर ती नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. घटस्फोटासाठी अर्ज केला आणि त्या काळात बाईला तो मिळणं सोपं नसतानाही तिनं मिळवला. तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

पुढची दहा-बारा वर्षं भराभर सांगतो. मुलं मोठी झाली, एकेक करून घराबाहेर पडली. एमा मिळेल ते काम करत राहिली, एकटी राहू लागली. आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी नॅशनल जिओग्राफिकचा १९४९ सालचा एक जुना अंक तिच्या हाती आला. त्यात अ‍ॅपलेशियन ट्रेलवर लेख होता.

हा ट्रेल म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं. अमेरिकेच्या पूर्व बाजूला अ‍ॅपलेशियन पर्वतांची रांग दक्षिणोत्तर पसरली आहे. तिच्या माथ्यामाथ्यानं दक्षिणेच्या जॉर्जियापासून उत्तरेच्या मेनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी ही पायवाट १९३७ मध्ये जोडून पूर्ण झाली. झाडांवर, दगडांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले असतात. ते बघत चालायचं. अधेमधे तीन भिंतींच्या, पुढून उघड्या अशा लाकडी निवाऱ्यांची सोय. सगळी वाट एका हंगामात चालून जाणारा पहिला माणूस होता अर्ल शेफर, १९४८ साली. त्याच्यानंतर आणखी काही पुरुषांनी हे केलं. एकट्या बाईनं एका हंगामात सलग ही वाट पूर्ण केलेली नव्हती. लेख वाचला तर वाटावं, वाट छान राखलेली आहे, निवारे जागोजागी आहेत, धडधाकट कुणीही सहज चालेल. एमानं ते खरं मानलं.

१९५४ च्या जुलैमध्ये ती मेनमधल्या माउंट कटाडिनवरून दक्षिणेकडे निघाली. काही दिवसांतच रस्ता चुकली. चष्मा फुटला, खाणं संपलं. वनरक्षकांनी तिला घरी परत जायला सांगितलं. ६६ वर्षांच्या बाईला त्यांनी दुसरं काय सांगायचं! ती परतली आणि या फसलेल्या मोहिमेबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. काय चुकलं याचा विचार मात्र केला. पुढच्या वर्षी तिनं उलट्या टोकाकडून, दक्षिणेकडून सुरुवात करायचं ठरवलं. निघण्याआधी रोज चालायचा सराव केला, अंतर हळूहळू वाढवत नेलं. मुलांना एवढंच सांगितलं, की जरा चालायला जातेय.

३ मे १९५५. जॉर्जियातला माउंट ओगलथॉर्प, तेव्हाचं ट्रेलचं दक्षिण टोक. आता त्या प्रसिद्ध झोळीत डोकावू.

झोळी म्हणजे खरोखरच झोळी. वारभर डेनिम घेऊन घरी शिवलेली, तोंडाशी आवळायची, एका खांद्यावर टाकायची पिशवी. आत लष्करी पद्धतीचं एक ब्लँकेट, रेनकोट, एक गरम कोट आणि बाथरूममध्ये लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा. खायला डबाबंद सॉसेज, मनुका, शेंगदाणे, दुधाची पावडर, सूपच्या वड्या. शिवाय बॅटरी, खिशात मावणारा सुरा, आयोडिन, जखमेवरच्या पट्ट्या, विक्सची डबी, केसांच्या पिना, पेन आणि टिपणवही. पायात कॅनव्हासचे साधे केड्स बूट. ट्रेकिंगचे म्हणून विकले जाणारे जाड बूट नाहीतच. हातात काठी.

आता यातली गंमत बघा. तो बाथरूमचा पडदा पाऊस आला की अंगावर, जमीन ओली असली की खाली, आणि गरज पडली की आडोसा म्हणून डोक्यावर. एक वस्तू, तीन कामं. चूल किंवा स्टोव्ह घेतलाच नाही, त्यामुळे इंधन नाही, पातेलं नाही, घासणी नाही. एक गोष्ट वगळली की तिच्यामागचा सगळा गोतावळा आपोआप घरी राहतो. पिशवीच लहान शिवली, त्यामुळे फालतू गोष्टींना जागाच उरली नाही. आपण साठ-सत्तर लिटरची सॅक आधी घेतो आणि मग ती भरतो. रिकामी सॅक दिसली की भरायचा मोह होतोच. आणि त्या सॅकचंच वजन कित्येकदा दोन किलोंच्या आसपास असतं, म्हणजे वस्तू टाकायच्या आधीच दोन किलो.

बूट तर विशेष. पाठीवरच्या किलोभर वजनापेक्षा पायातलं किलोभर वजन कितीतरी जास्त थकवतं, कारण ते दर पावलाला उचलावं लागतं. पुढे नव्वदीच्या दशकात रे जार्डिन या अमेरिकन ट्रेकरनं हलक्या सामानाची पद्धत पुस्तकातून मांडली आणि हजारो लोक जड बूट सोडून धावायचे बूट घालून डोंगरात जाऊ लागले. आजीनं ते चाळीसेक वर्षं आधीच केलेलं होतं. अर्थात कॅनव्हासचे बूट टिकत नाहीत. त्या एका वाटेवर तिचे सहा-सात जोड झिजले.

आज अल्ट्रालाइटवाल्यांचा हिशेब असा असतो. खाणं, पाणी आणि इंधन हे वापरून संपणारं, ते सोडून सॅकमध्ये जे उरतं ते मूळ वजन. ते साडेचार किलोंच्या आत आलं की तुम्ही अल्ट्रालाइट. त्यासाठी लोक महागडे तंबू घेतात, टूथब्रशचा दांडा कापतात. दांडा कापून काय होतं ते देव जाणे. खरं वजन तीनच गोष्टींत लपलेलं असतं: सॅक, तंबू आणि अंथरूण-पांघरूण. आजीनं त्यातली पहिली शिवली, दुसरी रद्द केली आणि तिसरीच्या जागी ब्लँकेट घेतलं. रात्र फार गार असली तर ती सपाट दगड विस्तवावर तापवून त्यांवर झोपायची. कधी पानांचा ढीग करून त्यावर.

पण त्याच झोळीत आणखी काय होतं माहितीये? घरात घालायच्या सपाता. पेपरमिंटच्या गोळ्या. आणि चौकड्याचा एक चांगला ड्रेस, झटकला की नीटनेटकं दिसता यावं म्हणून. मला तिच्या सामानातला सगळ्यात आवडलेला हाच भाग. स्टोव्ह नको, पण चारचौघांत जायची वेळ आली तर ड्रेस हवा. कमी सामान म्हणजे साधुसंन्याशासारखं राहायला हवं असं नाही. तिनं स्वतःला काय लागतं ते ओळखलं होतं. तुमचं जर हार्मोनिकाशिवाय पान हलत नसेल तर हार्मोनिका न्या की! फक्त दुसरी जीन्स घरी ठेवा.

आता या हलकेपणाची दुसरी बाजू, जी अल्ट्रालाइटच्या व्हिडिओंत फारशी दिसत नाही. आजीनं थंडी खाल्ली, उपास काढले, भिजली. लेखात वाचलेले निवारे प्रत्यक्षात कुठे मोडलेले होते, कुठे जळालेले होते, कुठे घाणीनं भरलेले. वाट ठिकठिकाणी झाडोऱ्यानं गिळलेली, खुणा पुसलेल्या. मग ती पिकनिकच्या टेबलावर झोपली, कुणाच्या व्हरांड्यात झोपली, कुणाच्या दारात जाऊन मुक्कामाला जागा मागितली. कुणी जेवू घातलं, स्वच्छ पलंग दिला. कुणी दार लावून घेतलं. म्हणजे तंबूचं वजन तिनं वाचवलं, पण त्याची किंमत काही वेळा तिनं आणि काही वेळा अनोळखी लोकांनी मोजली. बाकीची उणीव रानातल्या पानांनी आणि फळांनी भरून काढली, कारण ती तिला ओळखता येत होती. एखादी वस्तू काढून टाकायची तर तिच्या जागी काहीतरी माहिती हवी, एवढा साधा व्यवहार आहे हा. ती माहिती नसताना पावसाळ्यात सह्याद्रीत बाथरूमचा पडदा घेऊन जायचा विचार कृपया करू नका. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळणार असेल, तर त्या घरी आधी सांगून, रीतसर पैसे देऊन जेवा आणि फरसाणाची पिशवी घरी ठेवा. हा सौदा मात्र उत्तम. आणि उन्हाळ्यात पाण्यावर वजन वाचवू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, ते न्यायचंच.

चालता चालता ती व्हर्जिनियात पोहोचली तेव्हा पत्रकारांना तिचा सुगावा लागला. मग बातमी पसरली. गावागावात फोटोग्राफर वाट बघू लागले. मुलांना पोस्टकार्डांतून आणि बातम्यांतून कळलं, आई कुठे चालायला गेली आहे ते. सगळे विचारायचे, का चालताय? ती दरवेळी काहीतरी वेगळं, हलकंफुलकं उत्तर द्यायची. नवऱ्याबद्दल विचारलं तर आपण विधवा आहोत असं सांगायची. पेरी तेव्हा जिवंत होता, तो वारला १९६८ साली. त्या तीस-बत्तीस वर्षांची गोष्ट तिनं कुठल्याही पत्रकाराला सांगितली नाही. बेन माँटगोमेरी या पत्रकाराचं तिच्यावरचं पुस्तक २०१४ साली आलं, तेव्हा कुठे ती बहुतेकांना समजली.

त्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायान ही दोन चक्रीवादळं लागोपाठ अमेरिकेच्या ईशान्य भागावर आली. महापूर आले, शेकडो माणसं गेली. आजी तेव्हा त्याच भागात चालत होती. व्हर्मांटमध्ये एका घळीवरचा पूल वाहून गेलेला, खाली पाणी फुगलेलं. नौदलातले दोन तरुण ट्रेकर तिथे भेटले. तिघांनी एकमेकांना दोरीनं बांधून घेतलं आणि तिला मध्ये घेऊन ते पाणी ओलांडलं. पलीकडे गेल्यावर ती पुन्हा एकटी.

२५ सप्टेंबर १९५५ ला ती कटाडिनच्या शिखरावर होती. वर्षभरापूर्वी जिथून तिला घरी पाठवलं होतं, तोच डोंगर. उंची १,६०५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडी कमी, पण सप्टेंबरअखेरीस तिथे बोचरा वारा असतो. चष्मा पुन्हा फुटलेला, पाय दुखावलेला, वजन तेरा-चौदा किलोंनी उतरलेलं. तिनं वहीत नाव लिहिलं, आपल्या देशाचं एक गाणं म्हटलं आणि उतरायला लागली.

परत आल्यावर तिनं वाटेच्या दुरवस्थेबद्दल स्पष्ट बोलायला कमी केलं नाही. वर्तमानपत्रांनी ते छापलं, लोकांचं लक्ष त्या ट्रेलकडे गेलं आणि वाटेची निगा राखण्याच्या कामाला जोर आला. आज लाखो लोक दरवर्षी त्या वाटेच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर चालतात, त्यात आजीच्या कुरकुरीचा वाटा आहे.

दोन वर्षांनी, १९५७ मध्ये ती पुन्हा सगळी वाट चालली. ही वाट दोनदा पूर्ण करणारी ती पहिलीच व्यक्ती. हो, व्यक्ती. पुरुषांमध्येही तोवर कुणी ते केलेलं नव्हतं. १९५९ साली ती मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडपर्यंत जुन्या ओरेगॉन ट्रेलनं चालत गेली, सुमारे ३,२०० किलोमीटर, ९५ दिवसांत. तिथे डोंगरापेक्षा माळरान जास्त आणि डोक्यावर ऊन, म्हणून सामानात एक वस्तू वाढली. छत्री. १९६४ पर्यंत अ‍ॅपलेशियन ट्रेल तिनं तुकड्यातुकड्यांनी तिसऱ्यांदा पूर्ण केला. तेव्हा वय ७६-७७.

शेवटची वर्षं ती ओहायोतच होती. तिथल्या बकाय ट्रेलच्या आखणीत आणि खुणा मारण्याच्या कामात ती स्वतः राबली. हॉकिंग हिल्स नावाच्या घळी-कपारींच्या भागात साठच्या दशकापासून दर जानेवारीत एक हिवाळी पदयात्रा निघू लागली. डोक्यावर लाल टोपी घालून आजी त्यात हजर असायची. ४ जून १९७३ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी ती गेली. हॉकिंग हिल्समधल्या दहाएक किलोमीटरच्या वाटेला आता तिचं नाव आहे, आणि जानेवारीतल्या त्या बर्फाळ शनिवारी हजारो माणसं अजूनही तिथे चालायला येतात. त्यातल्या बहुतेकांच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि खाऊची लहानशी पिशवी, एवढंच असतं.